संकलनाचा कॉम्प्युटर घेताना : पैसा कोठे घालावा, कोठे वाचवावा

लग्नकार्य, नामकरण, सभा, मिरवणूक यांचे चित्रीकरण करणारी मुले आता जवळजवळ प्रत्येक वस्तीत दिसतात. व्हीएचएस कॅसेटच्या काळात हा धंदा मोठ्या भांडवलाचा होता. कॅसेट घेऊन स्टुडिओत जावे लागे आणि तेथे एका डेकवरून दुसऱ्या डेकवर प्रसंग उतरवून संकलन होई. आज तेच काम घरातल्या टेबलावर होऊ शकते. म्हणूनच ‘एडिटिंगसाठी कॉम्प्युटर घेऊन द्या’ ही मागणी अनेक घरांत होते आणि त्यासाठी आई बचत गटातून, वडील पतसंस्थेतून कर्ज काढतात. हा पैसा चैनीचा नाही, भांडवलाचा आहे. तो डोळसपणे खर्च व्हावा, एवढ्याचसाठी आम्ही हा विषय घेतला आहे.

आधी काम पाहा, मग दुकान

पुष्कळ मुले सुरुवातच ग्राफिक कार्डापासून करतात. दुकानदारही रंगीत दिवे लागणारे कॅबिनेट पुढे ठेवतो. परंतु गेमचा कॉम्प्युटर आणि संकलनाचा कॉम्प्युटर यांची गरज सारखी नसते. संकलनात काम कोठे अडते, हे आधी समजून घेतले पाहिजे.

फोन आणि कॅमेरे चित्रफीत एच.२६४ किंवा एच.२६५ या पद्धतीने दाबून साठवतात. पहिली पद्धत २००३ सालची, दुसरी २०१३ सालची. सेकंदाला २५ चित्रे असली तरी प्रत्येक चित्र पूर्ण लिहिले जात नाही. एक पूर्ण चित्र आणि पुढे फक्त बदललेला भाग, अशी नोंद होते. त्यामुळे फाइल लहान राहते. पण मधलेच एखादे चित्र पाहायचे तर कॉम्प्युटरला पूर्ण चित्रापासून सगळा हिशेब मांडत यावे लागते. संकलन करणारा तर सारखा मागेपुढे करतो. पडदा अडकतो तो येथे.

प्रोसेसर : एका अक्षराचा फरक

हा हिशेब वेगाने करणारा खास भाग इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरमधील आतल्या ग्राफिकमध्ये असतो. त्याला क्विक सिंक म्हणतात. अकराव्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरमध्ये तो महागड्या कॅमेऱ्यांच्या १०-बिट ४:२:२ प्रकारच्या एच.२६५ फाइलीही उलगडतो. मात्र ज्या मॉडेलच्या क्रमांकाशेवटी ‘एफ’ अक्षर असते, त्यात हे ग्राफिकच नसते. तो प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो. पण वेगळे कार्ड घेतल्याशिवाय पडद्यावर चित्रसुद्धा येत नाही. एएमडीचे प्रोसेसरही कामाला चांगले आहेत. तथापि रायझन ५००० मालिकेत ज्यांच्या नावात ‘जी’ नाही, त्यांत आतले ग्राफिक नसते. यादीवर बोट ठेवून हे अक्षर तपासावे.

सुरुवातीला सहा कोअरचा, आतले ग्राफिक असलेला मधल्या दर्जाचा प्रोसेसर पुरेसा आहे. ग्राफिक कार्ड नंतर, कमाईतून घेता येते. डाव्हिंची रिझॉल्व्ह वापरायचे ठरले असेल तर मात्र कार्डाचा विचार लवकर करावा, कारण ते सॉफ्टवेअर कार्डावर फार भिस्त ठेवते. त्याची मोफत आवृत्ती ३८४० बाय २१६० म्हणजे ४के आकारापर्यंत चित्रफीत काढून देते. केडेनलाइव्ह आणि शॉटकट ही तर पूर्णपणे मोफत आहेत आणि त्यांचे बरेचसे काम प्रोसेसरवर चालते. चोरीचे ‘क्रॅक’ सॉफ्टवेअर घेऊ नये. त्यातून व्हायरस शिरला तर गिऱ्हाइकाचे सगळे काम जाते.

रॅम १६ जीबीपेक्षा कमी नको. ३२ असल्यास उत्तम. आज १६ जीबीची एकच पट्टी घेऊन पुढे तशीच दुसरी जोडता येते. दोन पट्ट्या जोडीने अधिक वेगाने चालतात. मात्र डीडीआर-४ ची पट्टी डीडीआर-५ च्या खाचेत बसत नाही, तेव्हा मदरबोर्ड कोणत्या जातीचा आहे ते विचारावे. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने वाढले. म्हणून जुन्या भावाच्या आधारे अंदाजपत्रक करू नये, दोन-तीन दुकानांत त्या दिवशीचा भाव काढावा.

साठवणीचा हिशेब कागदावर करा

सेकंदाला १०० मेगाबिट या दराने चित्रीकरण केले तर एका तासाला ४५ जीबी जागा लागते. एका मंगल परिणयाला दोन कॅमेरे चार-चार तास चालले तर ३६० जीबी झाले. ५०० जीबीच्या एकाच एसएसडीवर विंडोज आणि सॉफ्टवेअर ठेवल्यावर दुसऱ्या कार्याला जागा उरत नाही.

म्हणून दोन भाग करावेत. चालू काम एक टीबीच्या एनव्हीएमई एसएसडीवर ठेवावे आणि झालेले काम मोठ्या हार्ड डिस्कवर. हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १५० ते २०० एमबी वाचते, तर एनव्हीएमई तीन हजारांच्या वर जाते. पण जपून ठेवायला वेग लागत नाही, जागा लागते आणि हार्ड डिस्कवर ती स्वस्त पडते.

याशिवाय एक बाहेरची डिस्क हवीच. हा खर्च मुले टाळतात आणि तोच सर्वांत महाग पडतो. लग्न पुन्हा होत नाही. त्या चित्रफितीत दिसणारी आजी पुढच्या वर्षी असेलच असे नाही. दोन वेगळ्या डिस्कवर प्रती झाल्याशिवाय कॅमेऱ्याचे कार्ड पुसायचे नाही, हा नियम धंद्याच्या पहिल्या दिवसापासून पाळावा.

न दिसणाऱ्या वस्तू

एसएमपीएस कोणी पाहत नाही. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा हलका एसएमपीएस बिघडला तर सोबत मदरबोर्डही नेऊ शकतो. ‘८० प्लस’ खूण असलेला, चांगल्या कंपनीचा, ५५० ते ६५० वॅटचा घ्यावा. म्हणजे पुढे मध्यम दर्जाचे कार्ड बसवले तरी तो बदलावा लागत नाही. वीज जाणाऱ्या भागात यूपीएस घ्यावा. फाइल लिहिली जात असताना वीज गेली तर ती खराब होते. मॉनिटर आयपीएस जातीचा २४ इंची पुरे. त्यात बाजूने पाहिले तरी रंग फारसा बदलत नाही. पैसा वाचवायचा तो कॅबिनेट, दिवे, कीबोर्ड यांवर वाचवावा.

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग मिळतात. जेथून घ्याल तेथून जीएसटीचे पक्के बिल घ्या आणि त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्या. कच्च्या बिलात थोडे पैसे वाचतात, पण हमी मागताना हातात काही राहत नाही. इंटेलच्या डबाबंद प्रोसेसरला तीन वर्षांची हमी असते.

एवढेही जमत नसेल तर?

कचेरीतून निघालेला जुना कॉम्प्युटर घ्यायला हरकत नाही. परंतु विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीच्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही. त्याहून जुने यंत्र असल्यास लिनक्स आणि केडेनलाइव्ह हा मार्ग आहे. शिवाय प्रॉक्सीची सोय आहे. सॉफ्टवेअर मूळ फाइलीची लहान प्रत बनवते, संकलन त्या प्रतीवर होते आणि शेवटी चित्रफीत मूळ फाइलीतूनच निघते. अशा रीतीने मंद यंत्रावरही ४के काम होते. वेळ अधिक लागतो, दर्जा कमी होत नाही.

पालकांना आमचे सांगणे एवढेच, की मुलाला नाही म्हणू नका आणि डोळे झाकून होही म्हणू नका. त्याला कागदावर यादी करायला लावा. प्रत्येक वस्तूपुढे ती कशासाठी हवी आणि आजच हवी की सहा महिन्यांनी चालेल, हे त्याने लिहावे. ज्या वस्तूपुढे त्याला कारण लिहिता येणार नाही, ती कर्जाच्या पैशातून घेऊ नये. ही यादी नीट करणारा मुलगा पुढे गिऱ्हाइकाचा हिशेबही नीट ठेवील.