पाला जाळू नका, कुजवा

फाल्गुन-चैत्रात नांदेड-लातूरकडे कडुनिंबाची, पिंपळाची पाने गळतात. सकाळी अंगण झाडायचे, पाला कोपऱ्यात लोटायचा आणि काडी लावायची, ही अनेक घरांची रीत. ‘पानंच तर आहेत, प्लास्टिक थोडंच जाळतोय?’ असे दमेकऱ्यांच्या घरचेही सांगतात.

भडकलेल्या जाळापेक्षा धुमसणारा ढीग जास्त धूर सोडतो. दाबून बसलेल्या, ओलसर पाल्याला पुरेसा प्राणवायू मिळत नाही. ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड, कर्करोगकारक बेन्झोपायरीन व अतिसूक्ष्म कण तयार होतात. ‘पीएम २.५’ म्हणून ओळखले जाणारे हे कण डोक्याच्या केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे किंवा त्याहून लहान असतात. ते नाकात न अडकता थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत जातात. दमा बळावतो, जुना खोकला उसळतो, हृदयरोग्याचा धोका वाढतो. लहान मुले आणि गर्भवतींनाही हा धूर बाधतो. कडुनिंब औषधी असला तरी त्याचा धूर औषधी नाही.

त्यात वेळ सकाळची. जमिनीलगतची हवा थंड आणि जड असते, म्हणून धूर वर न जाता गल्लीतच रेंगाळतो. पाल्यासोबत दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, पाइपचे तुकडेही पेटतात. पीव्हीसीसारखे प्लास्टिक जळाल्यास डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये तयार होतात.

नियमही स्पष्ट आहेत. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी रस्त्यावर व सार्वजनिक जागी कचरा जाळण्यास मनाई केली. बागेतला पालापाचोळा आपल्याच आवारात वेगळा ठेवून पालिकेच्या सूचनेप्रमाणे त्याची विल्हेवाट लावावी, असेही सांगितले. २२ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर बंदी घातली. दंड साध्या प्रकरणात ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये.

भाजण्याचा धोका वेगळाच. पाला पेटत नाही म्हणून रॉकेल किंवा पेट्रोल ओतले की वाफेचा भडका उडतो आणि सिंथेटिक साडीचा पदर क्षणात पेट घेतो. वरून विझलेल्या राखेखाली निखारे तासन्‌तास जिवंत राहतात. अनवाणी खेळणाऱ्या पोरांचे पाय त्यावर पडतात. कपडे पेटले तर पळू नका, जमिनीवर लोळा. भाजलेल्या जागी वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडा, बांगड्या-अंगठ्या लगेच काढा. टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ काही लावू नका. स्वच्छ कापडाने झाकून रुग्णालय गाठा. रुग्णवाहिकेसाठी १०८ फिरवा.

मग पाल्याचे करायचे काय? अंगणात तीन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्या. पाल्याचा थर, त्यावर शेणकाला आणि थोडी माती, असे थर देत जा. ओल राखा, अधूनमधून वरखाली करा. काही महिन्यांत खत तयार होते. खड्ड्याला जागा नसेल तर पाला झाडांच्या आळ्यात पसरा; माती कमी तापते आणि ओल टिकते. २०१६ मध्ये ज्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे ही बचत लहान नाही.

शेजारी धूर झालाच तर खिडक्या लावून घ्या आणि दमेकऱ्याचा इन्हेलर हाताशी ठेवा. दम लागून वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळसर पडत असतील किंवा छातीत दुखत असेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालयात या.