लोणेरेच्या विद्यापीठाचा आराखडा कुणी आखायचा?

महाड : मुंबई-गोवा महामार्गाने महाडकडे येताना माणगाव मागे पडले, की काही वेळातच लोणेरे येते. रस्त्याला लागूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर आहे. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील लोक त्याला 'बाटू' म्हणतात. राज्यात बाबासाहेबांच्या नावाची दोन विद्यापीठे आहेत. त्यांपैकी मराठवाड्याचे विद्यापीठ नामांतराच्या आंदोलनामुळे सर्वांना ठाऊक आहे. लोणेरेचे नाव घेतले, की मात्र मुंबई-पुण्यातील अनेकांना ते नेमके कुठे, हे सांगावे लागते.

या विद्यापीठाची अडचण नेमकी काय आहे, हे समजून घ्यायचे तर त्याच्या स्थापनेपासून सुरुवात करावी लागते. राज्य विधिमंडळाने १९८९ मध्ये स्वतंत्र कायदा करून हे विद्यापीठ स्थापन केले. बाबासाहेबांची जन्मशताब्दी तोंडावर आली होती. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचा सत्याग्रह ज्या महाडमध्ये झाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला जेथे मनुस्मृतीचे दहन करण्यात आले, त्या भूमीजवळ तंत्रशिक्षणाची मोठी संस्था असावी, ही त्यामागील भावना. विद्यापीठाचे स्वरूप एकल आणि निवासी ठरविण्यात आले. म्हणजे संलग्न महाविद्यालये नाहीत, स्वतःचेच विभाग, स्वतःचेच वसतिगृह, स्वतःचीच पदवी. रासायनिक, पेट्रोरसायन, स्थापत्य, यंत्र, विद्युत, संगणक अशा शाखा येथे सुरू झाल्या. पेट्रोरसायनाची निवड विचारपूर्वक होती. नागोठण्यापासून महाडच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत रसायन उद्योगाचा पट्टा याच महामार्गाच्या कडेने वाढत होता.

कल्पना उत्तम होती. मात्र एकल विद्यापीठ चालवायचे तर दोन गोष्टी सतत लागतात : भरलेली शिक्षकपदे आणि सरकारी अनुदानाचा खात्रीचा ओघ. शिक्षकांच्या रिक्त जागांचा प्रश्न राज्यातील बहुतेक सार्वजनिक विद्यापीठांना भेडसावतो. ग्रामीण भागातील संस्थेला तो अधिक बोचतो, कारण पद मंजूर होऊन जाहिरात निघाली तरी रुजू झालेला उमेदवार टिकेलच, असे नसते. कोकण रेल्वे वीरपर्यंत १९९३ मध्ये आली आणि संपूर्ण मार्ग १९९८ मध्ये सुरू झाला. महामार्गाच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये हात लागला आणि ते काम अनेक वर्षे रखडले. प्राध्यापकाच्या जोडीदाराची नोकरी, मुलांची शाळा, रुग्णालय यांचा विचार केला, की पुण्या-मुंबईकडे नजर वळणे स्वाभाविक असते. विद्यापीठाच्या दीर्घकालीन नियोजनात निवासी संकुलातील शाळेचा आणि दवाखान्याचा विषय प्रयोगशाळेइतकाच महत्त्वाचा ठरतो तो यामुळे.

पुढे सरकारने दुसराच मार्ग निवडला. २०१४ मध्ये विद्यापीठासाठी नवा कायदा करण्यात आला आणि ५ मार्च २०१६ पासून लोणेरे हे राज्यस्तरीय तंत्रशास्त्र विद्यापीठ झाले. आता त्याला राज्यभरातील तंत्रशिक्षण महाविद्यालयांना संलग्नता देण्याचा अधिकार मिळाला. एका परिसरापुरते असलेले विद्यापीठ कागदावर एकदम कोकणापासून विदर्भापर्यंत पसरले.

हा बदल केवळ आकाराचा नव्हता. एकल विद्यापीठात कुलगुरू हा प्रामुख्याने विद्यापीठातील विभागांचा, संशोधनाचा विचार करतो. संलग्नता देणाऱ्या विद्यापीठात त्याचा दिवस परीक्षांची वेळापत्रके, उत्तरपत्रिकांची तपासणी, निकाल, महाविद्यालयांची पाहणी आणि न्यायालयीन प्रकरणे यांत जातो. उत्पन्नाचे गणितही बदलते. संलग्नीकरण शुल्क आणि परीक्षा शुल्क या रूपाने विद्यापीठाकडे स्वतःचा निधी येऊ लागतो. त्याच वेळी परीक्षा विभागाचा बोजा वाढतो. हा बोजा किती जड असू शकतो, ते २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने पाहिले. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिकांची संगणकीय तपासणी पुरेशा तयारीविना सुरू करण्यात आली, निकाल महिनोन्‌महिने लांबले आणि अखेर २४ ऑक्टोबर २०१७ रोजी तत्कालीन राज्यपाल सी. विद्यासागर राव यांनी कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर केले. दीडशे वर्षांहून जुन्या विद्यापीठाची ही गत, तर नव्याने संलग्नतेचे काम हाती घेणाऱ्या संस्थेने किती सावध असावे, हे वेगळे सांगायला नको.

येथे शेजारच्या कर्नाटकाचे उदाहरण उपयोगी पडते. बेळगाव येथे १९९८ मध्ये विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ स्थापन झाले. तेव्हा त्या राज्यातील अभियांत्रिकी महाविद्यालये निरनिराळ्या विद्यापीठांतून काढून एका छत्राखाली आणण्यात आली आणि बंगळूर, म्हैसूर, गुलबर्गा येथे विभागीय केंद्रे उभी राहिली. तेथे किती महाविद्यालये आपल्याकडे येणार, हे विद्यापीठाला आरंभीच माहीत होते. लोणेरेच्या बाबतीत तसे झाले नाही. मुंबई आणि पुणे विद्यापीठांशी जोडलेली बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालये होती तेथेच राहिली. परिणामी उद्या आपल्याकडे किती महाविद्यालये आणि किती विद्यार्थी असतील, याचा पक्का अंदाज बांधणे लोणेरेला अवघड जाते. विद्यार्थिसंख्येचा अंदाज नसेल तर परीक्षा शुल्काचा नाही, आणि तो नसेल तर पाच वर्षांच्या खर्चाचा आराखडा हवेतच राहतो. तमिळनाडूने तर दोन्ही टोके अनुभवली. अण्णा विद्यापीठाचे २००७ मध्ये विभाजन करण्यात आले आणि २०१२ मध्ये ते तुकडे पुन्हा एकत्र जोडले गेले. विद्यापीठाची रचना सरकारच्या कार्यकाळानुसार बदलू लागली, की कुठलाही आराखडा तग धरत नाही.

आता नेतृत्वाचा मुद्दा. राज्यातील बहुतेक अकृषी विद्यापीठांना महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ लागू आहे. त्यानुसार शोध समिती नावे सुचविते, राज्यपाल कुलपती या नात्याने त्यांतून एकाची निवड करतात. मुदत पाच वर्षांची किंवा वयाच्या ६५ वर्षांपर्यंतची, आणि दुसरी संधी नाही. याच कायद्याने प्रत्येक विद्यापीठाला पाच वर्षांचा बृहत् आराखडा करणे बंधनकारक केले आहे. कोणत्या तालुक्यात कोणत्या विषयाचे महाविद्यालय हवे, हे त्यात ठरते. लोणेरेचा कायदा स्वतंत्र असल्याने ते या चौकटीबाहेर आहे. परंतु महाड-पोलादपूरच्या कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालयांचा कारभार मुंबई विद्यापीठाच्या बृहत् आराखड्यातूनच चालतो. महाडचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९६१ मध्ये सुरू केले, तेही मुंबई विद्यापीठाच्याच कक्षेत येते. म्हणजे एकाच तालुक्यातील दोन भावंडांपैकी एक पदवीसाठी कलिनाकडे पाहते, दुसरे लोणेरेकडे.

ही दोन्ही विद्यापीठे २०२२-२३ मध्ये एका विचित्र परिस्थितीतून गेली. मे २०२२ मध्ये पुण्याचे कुलगुरू नितीन करमळकर यांची मुदत संपली आणि तेथील अतिरिक्त कार्यभार लोणेरेचे कुलगुरू कारभारी काळे यांच्याकडे सोपविण्यात आला. तो तब्बल वर्षभराहून अधिक काळ, जून २०२३ पर्यंत त्यांच्याकडे होता. त्याच सुमारास, सप्टेंबर २०२२ मध्ये मुंबईचे कुलगुरू सुहास पेडणेकर निवृत्त झाले आणि मुंबईचा कार्यभार कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू दिगंबर शिर्के यांच्याकडे गेला. (२०१७ च्या निकाल गोंधळातही मुंबई कोल्हापूरच्याच तत्कालीन कुलगुरूंकडे, देवानंद शिंदे यांच्याकडे देण्यात आली होती.) म्हणजे त्या काळात महाडचा विद्यार्थी कोणत्याही शाखेचा असो, त्याच्या विद्यापीठाला पूर्ण वेळ देणारा कुलगुरू नव्हता.

यात त्या व्यक्तींच्या क्षमतेचा प्रश्न नाही. दोष नेमणूक प्रक्रियेतील दिरंगाईचा आहे. कुलगुरूंची मुदत कोणत्या दिवशी संपणार, हे ते पदभार स्वीकारतात त्याच दिवशी ठाऊक असते. तरीही शोध समिती वेळेत नेमली जात नाही आणि 'प्रभारी' हा शब्द राज्याच्या उच्च शिक्षणात रुळून गेला आहे. प्रभारी अधिकारी दैनंदिन कामकाज सांभाळू शकतो, पण नवा विभाग सुरू करणे, बंद पडत चाललेली शाखा मिटविणे, मोठ्या भरतीचा निर्णय घेणे अशी वादग्रस्त कामे तो सहसा पुढच्या माणसासाठी ठेवून देतो. पाच वर्षांपैकी एक वर्ष असे गेले, की आराखड्याचा पाचवा हिस्सा वाया गेला, असे समजायला हरकत नाही.

लोणेरेपुढे याहून मोठे संकट मुदतीचे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात संलग्नतेची पद्धत १५ वर्षांत टप्प्याटप्प्याने संपविण्याचे म्हटले आहे. महाविद्यालये स्वायत्त व्हावीत, स्वतःच पदव्या द्याव्यात, अशी ही दिशा आहे. याचा अर्थ असा, की ज्या संलग्नतेच्या आधारे २०१६ मध्ये या विद्यापीठाचा विस्तार करण्यात आला, तीच पद्धत २०३५ पर्यंत संपुष्टात आणण्याचे देशाचे धोरण अवघ्या चार वर्षांनी जाहीर झाले. धोरण जसेच्या तसे अमलात येईल का, याविषयी शंका घेता येते. मुदती पुढे ढकलण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. तथापि चांगली महाविद्यालये आधी स्वायत्त होतात आणि दुबळी मागे राहतात, हे सर्वत्र दिसते. परीक्षा आणि संलग्नतेच्या निधीवर उभा केलेला डोलारा हळूहळू पोकळ होत जाण्याचा धोका यातूनच निर्माण होतो.

मग उरते काय? मूळचा लोणेरेचा परिसर, तेथील विभाग आणि आजूबाजूचा प्रदेश. या प्रदेशात अभियंत्यांनी करण्याजोगे काम भरपूर आहे. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पाण्याखाली गेले, त्याच दिवशी तळिये येथे दरडीखाली ऐंशीहून अधिक लोक मृत्युमुखी पडले आणि पोलादपूर तालुक्यातही केवनाळे व सुतारवाडीवर दरडी आल्या. सावित्रीच्या खोऱ्यातील पाऊस, गाळ, उतारांची स्थिती यांची वर्षानुवर्षे नोंद ठेवणारे केंद्र लोणेरेच्या स्थापत्य विभागाला शोभून दिसेल. महाडच्या वसाहतीतील रसायन कारखान्यांची सुरक्षा आणि सांडपाणी हा रासायनिक विभागाचा विषय आहे. असे काम एका कुलगुरूच्या कारकिर्दीत पूर्ण होणारे नाही. पावसाची आणि उताराची नोंद वीस वर्षे सलग ठेवली तरच तिला किंमत येते. त्यासाठी दोन-तीन कायमस्वरूपी पदे, थोडी उपकरणे आणि दरवर्षी न चुकता मिळणारी रक्कम लागते.

स्थानिकांची तक्रार निराळी आहे. विद्यापीठ आपल्या दारात असूनही आपल्या मुलांना तेथे सहज जागा मिळत नाही, असे महाड-पोलादपुरात ऐकू येते. अभियांत्रिकीचे प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, गुणांनुसार होतात; शेजारी राहतो म्हणून जागा मिळण्याची सोय त्यात नाही आणि ती असणे योग्यही ठरणार नाही. परंतु पोलादपूरच्या डोंगरवाड्यांतील मुलगा बारावीच्या आधीच मुंबईला चाकरीसाठी निघून जातो, हा प्रश्न प्रवेश प्रक्रियेच्या नियमांत सुटणारा नाही. तालुक्यातील माध्यमिक शाळांमध्ये गणित आणि विज्ञानाची तयारी करून घेणे, उन्हाळ्यात वर्ग भरविणे, पदविका अभ्यासक्रमाची माहिती पोहोचविणे, ही कामे विद्यापीठ स्वतःच्या अधिकारात करू शकते. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही. आराखड्यात त्याचे एक पान आणि अंदाजपत्रकात एक शीर्ष लागते. आज पहिलीत बसलेले पोलादपूरचे मूल लोणेरेच्या दारात पोहोचेल तेव्हा २०३५ उलटून गेलेले असेल, आणि दरम्यान किमान दोन कुलगुरू बदललेले असतील.