टॉवेलचं वजन आणि आजोबांचा पंचा

आज सुरुवातीलाच एक कोडं. एक टॉवेल आहे चांगला भला मोठा. ९० सेंटिमीटर रुंद आणि १८० सेंटिमीटर लांब. वजन ५६७ ग्रॅम. दुसरा आहे हात पुसायचा छोटासा नॅपकिन. ४० सेंटिमीटर रुंद, ६० सेंटिमीटर लांब आणि वजन अवघं १२० ग्रॅम. आता सांगा पाहू, दोघांपैकी कोणाचं कापड जास्त जाड आणि भरीव?

“त्यात काय विचारायचं? मोठ्या टॉवेलचं!” असंच म्हणालात ना? थांबा जरा. उत्तर मी लगेच सांगणार नाही. तुम्हीच काढायचं आहे. त्यासाठी आधी झेरॉक्सच्या दुकानात एक चक्कर मारून येऊ.

जीएसएम म्हणजे काय?

झेरॉक्सच्या कोऱ्या कागदांचा गठ्ठा पाहिलाय? त्याच्या वेष्टनावर ‘७० जीएसएम’ किंवा ‘८० जीएसएम’ असं छापलेलं असतं. जी म्हणजे ग्रॅम, एस म्हणजे स्क्वेअर आणि एम म्हणजे मीटर. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद अशा चौरस तुकड्याचं वजन किती ग्रॅम भरतं, ते हा आकडा सांगतो. ए-फोर आकाराचे १६ कागद शेजारी शेजारी मांडले, की जवळजवळ एक चौरस मीटर जागा भरते. म्हणजे ८० जीएसएमच्या एका कागदाचं वजन झालं ८० भागिले १६, फक्त ५ ग्रॅम! चित्रकलेचा कागद हाताला जाड लागतो, कारण त्याचा जीएसएम यापेक्षा बराच जास्त असतो.

कागदाची हीच रीत कापडालाही चालते. टी-शर्ट असो, चादर असो की टॉवेल असो, एक चौरस मीटर कापडात किती ग्रॅम सूत भरलंय, ते जीएसएमवरून कळतं. आता आपल्या कोड्याकडे वळू. सेंटिमीटरचे मीटर करा, लांबी-रुंदीचा गुणाकार करून क्षेत्रफळ काढा आणि वजनाला क्षेत्रफळाने भागा.

मोठा टॉवेल: ०.९० × १.८० = १.६२ चौरस मीटर. ५६७ ÷ १.६२ = ३५० जीएसएम.

छोटा नॅपकिन: ०.४० × ०.६० = ०.२४ चौरस मीटर. १२० ÷ ०.२४ = ५०० जीएसएम.

आहे की नाही गंमत? वजनकाट्यावर मोठा टॉवेल जिंकला, पण कापड भरीव निघालं नॅपकिनचं! नुसतं वजन पाहून फसायला होतं आणि नुसता आकार पाहूनही. दोन्ही मिळून जो आकडा येतो, तो खरा.

कापड तपासणाऱ्या प्रयोगशाळेत याहूनही सोपी युक्ती करतात. तिथे एक गोल कातरयंत्र असतं. त्याने कापडाची बरोबर १०० चौरस सेंटिमीटरची चकती कापली जाते. अशा १०० चकत्या म्हणजे एक चौरस मीटर. मग चकतीचं वजन ४.५ ग्रॅम भरलं, तर जीएसएम किती? १०० ने गुणा. ४५०! आपल्याला काही नवा टॉवेल कापायला कोणी देणार नाही, म्हणून आपला भागाकारच बरा.

टॉवेलवरचे लूप येतात कुठून?

शर्टाचं कापड सपाट असतं. टॉवेलवर मात्र सुताची बारीक बारीक वेटोळी उभी असतात. त्यांना लूप म्हणतात आणि अशा कापडाला म्हणतात टेरी. आपल्याकडे बरेच जण अशा टॉवेलला ‘टर्किश टॉवेल’ म्हणतात. का, ठाऊक आहे? असे लूपवाले टॉवेल पूर्वी तुर्कस्तानात हाताने विणले जात. १८५० च्या सुमारास हेन्री ख्रिस्टी नावाच्या इंग्रज गृहस्थाने ते तिथे पाहिले आणि नमुना मायदेशी नेला. मग तिकडे ते यंत्रावर विणण्याची युक्ती शोधून काढली गेली.

आपल्या महाराष्ट्रात टॉवेल म्हटलं की आठवतं सोलापूर. तिथल्या चादरीला आणि टेरी टॉवेलला, दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. सोलापूरला गेलात, तर यंत्रमागाचा खडखडाट एकदा जरूर ऐका. त्या खडखडाटात काय चाललेलं असतं, ते नीट समजून घ्या.

साध्या मागावर उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे धागे म्हणजे बाणा. टॉवेलच्या मागावर उभ्या धाग्यांचे दोन संच असतात. एक ताठ ताणलेला, दुसरा सैल सोडलेला. आडवे धागे टाकताना पहिले दोन मुद्दाम थोडे अलीकडेच ठेवतात. तिसरा टाकला, की मागाची फणी तिघांनाही एकदम पुढे ठोकते. ताठ धागे जागचे हलत नाहीत. सैल धागे मात्र आडव्या धाग्यांबरोबर पुढे ढकलले जातात आणि त्यांची कमान उभी राहते. झाला लूप तयार! सैल धागा जितका जास्त सोडावा, तितका लूप उंच. लूप उंच आणि दाट, म्हणजे सूत जास्त. सूत जास्त, म्हणजे जीएसएम जास्त.

हे लूप करतात काय? कापसाचा धागा मुळातच पाणी शोषून घेतो. त्यात लूपमुळे धाग्याची कितीतरी जास्त लांबी अंगाला लागते आणि दोन लूपांमधल्या फटीही पाणी धरून ठेवतात. म्हणून टेरी टॉवेल अंग झटकन कोरडं करतो.

बाजारात साधारणपणे ३०० ते ४०० जीएसएमचा टॉवेल हलका समजतात, ४०० ते ६०० चा मध्यम आणि ६०० च्या पुढचा चांगला जाड.

मग पंचा नापास?

हे सगळं मी वर्गात फळ्यावर मांडत होते. मुलं भराभर भागाकार करत होती. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, माझे आजोबा पंचा वापरतात. तो तर एकदम पातळ असतो. मग तो नापास का?”

प्रश्न मोठा फक्कड होता. पंच्याला लूप नसतात. विरळ, साधी वीण. त्याचा जीएसएम टॉवेलच्या पासंगालाही पुरायचा नाही. पण तेवढ्यावरून त्याला नापास करण्याआधी दुसऱ्या बाजूने विचार करू.

७५ सेंटिमीटर रुंद आणि १५० सेंटिमीटर लांब असा ७०० जीएसएमचा टॉवेल घ्या. क्षेत्रफळ १.१२५ चौरस मीटर. म्हणजे कोरडा असतानाच त्याचं वजन झालं जवळजवळ ७८८ ग्रॅम. बादलीत भिजवला, की तो पाणी पिऊन कितीतरी जड होणार. तो उचलायचा, घासायचा, खळबळायचा, पिळायचा. घरी धुण्याचं यंत्र नसेल, तर हे काम कोणाच्या मनगटाला? बहुतेक आईच्या! शिवाय त्याला साबण जास्त आणि पाणीही जास्त. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे ही गोष्ट छोटी नाही.

आणि वाळण्याचं काय? जो जास्त पाणी धरतो, तो वाळायलाही जास्त वेळ घेतो. कोकणातल्या आषाढ-श्रावणात जाडजूड टॉवेल दोरीवर दिवसभर लोंबकळतो, तरी दमटच. ओल्या कापडात सूक्ष्म जंतू आणि बुरशी वाढतात. तो कुबट वास येतो ना, तो त्यांचाच. पंचा मात्र लवकर पिळून, झटकून, वाळून पुन्हा तयार. आजोबा काही उगाच पंचा वापरत नाहीत!

म्हणजे जीएसएम हे काही परीक्षेतले मार्क नव्हेत. जास्त मिळाले की पहिला नंबर, असं इथे नाही. भरपूर ऊन, कोरडी हवा आणि धुण्याची सोय असेल, तर जाड टॉवेल सुखाचा. वसतिगृहात राहणाऱ्या, स्वतःचे कपडे स्वतः धुणाऱ्या मुला-मुलींना ३५०-४०० चा हलका टॉवेल जास्त सोयीचा. सहलीला जाताना तर पंचाच उत्तम.

विकत घेताना काय पाहाल?

टॉवेलच्या चिठ्ठीवर किंवा मोबाइलवरच्या जाहिरातीत जीएसएम लिहिलेला असतो. तो खरा आहे का, हे आता तुम्ही तपासू शकता. समजा, ७५ बाय १५० सेंटिमीटरच्या टॉवेलवर ५०० जीएसएम लिहिलंय. मग त्याचं वजन ५६२ ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. हवेतल्या ओलाव्याने वीस-तीस ग्रॅम इकडे-तिकडे होतील. पण काट्यावर ४५० ग्रॅमच भरले, तर तो टॉवेल ४०० जीएसएमचा आहे. पैसे ५०० चे द्यायचे आणि सूत ४०० चं घ्यायचं, हे कशाला? वाण्याकडच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर हे दोन मिनिटांत कळतं.

पण आकडा बरोबर निघाला, म्हणून परीक्षा संपली नाही. जीएसएम फक्त वजन सांगतो, सूत कशाचं आहे ते सांगत नाही. म्हणून चिठ्ठीवर ‘१०० टक्के सुती’ आहे की पॉलिएस्टरची भेसळ, ते वाचा. बोटांनी लूप बाजूला सारून पाहा. खालची वीण विरळ दिसते की घट्ट? कडांची शिवण दुमडून पक्की घातलीय का? नुसता गुळगुळीत स्पर्श पाहून हुरळून जाऊ नका. पुष्कळदा नव्या टॉवेलवर मऊपणासाठी लेप दिलेला असतो आणि त्यामुळे पाणी नीट शोषलं जात नाही. दोन-तीनदा धुतल्यावर तो टॉवेल कामाला लागतो.

एक गोष्ट मात्र जीएसएम कितीही असला तरी पाळायची. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा. गजकर्णासारखे त्वचेचे आजार एकमेकांचा टॉवेल वापरल्याने पसरू शकतात. अंग पुसून झालं, की टॉवेलचा बोळा करून खाटेवर टाकायचा नाही. पसरून वाळत घालायचा, शक्यतो उन्हात.

करून पाहा

१) घरातला एक टॉवेल आणि एक पंचा घ्या. कोरडे असताना दोघांचं वजन करा, लांबी-रुंदी मोजा आणि जीएसएम काढा.

२) दोन्हींवर पाण्याचा एकेक थेंब टाका. कोणता थेंब आधी आत जिरतो?

३) दोन्ही भिजवा, सारखेच पिळा, पुन्हा वजन करा. कोणी किती पाणी धरलं?

४) एकाच दोरीवर शेजारी शेजारी वाळत घाला. दर अर्ध्या तासाने हात लावून पाहा आणि वेळ लिहून ठेवा.

हा प्रयोग एकदा मे महिन्यात करा आणि एकदा जुलैमध्ये. दोन्ही वेळचे आकडे वहीत शेजारी शेजारी मांडा. पुढच्या वेळी घरात टॉवेल आणायचं ठरलं, की ती वही घेऊनच दुकानात जा. आई-बाबांना सांगा, “थांबा, आधी मोजू या!”