भेंडीवरील केवडा : विषाणूचे कुळ व रोगाचा बंदोबस्त

पाने पिवळी पडणे, त्यांवर चट्टे उमटणे व झाड खुरटणे ही लक्षणे भाजीपाल्याच्या अनेक पिकांत दिसून येतात. परंतु लक्षणे सारखी असली म्हणजे कारणही एकच असते असे नाही. विषाणूजन्य रोगांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावयास हवी. कारण विषाणू शिरलेल्या झाडास बरे करणारे औषध नाही. रोग ज्या वाटेने येतो ती वाट अडविणे एवढेच शेतकऱ्याच्या हाती असते, आणि ही वाट कोणती हे विषाणूच्या कुळावरून कळते.

दोन पिके, दोन कुळे

सॅलडसाठी लावल्या जाणाऱ्या लेट्यूसवर मोझॅक रोग येतो. त्याचा विषाणू पॉटिव्हायरस प्रजातीतील असून त्याचे जनुकद्रव्य आरएनए आहे. तो बियांतून येतो व पुढे मावा कीड त्यास झाडोझाडी पसरविते. मावा हा विषाणू क्षणार्धात उचलतो व तितक्याच लवकर दुसऱ्या झाडास देतो. म्हणून केवळ फवारणीने हा रोग आटोक्यात येत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये ३०,००० बियांच्या नमुन्यात एकही रोगट बी आढळता कामा नये असा दंडक घालण्यात आला, आणि बियांच्या शुद्धतेवर भर देऊनच तेथे रोगास आळा घालण्यात आला.

भेंडीवरील केवडा याहून अगदी निराळा आहे. त्याचा विषाणू जेमिनीव्हिरिडी कुळातील, बेगोमोव्हायरस प्रजातीचा होय. याचे कण जुळ्यासारखे जोडलेले असून जनुकद्रव्य एकपदरी, वर्तुळाकार डीएनए असते. या प्रजातीतील विषाणूंचा प्रसार पांढरी माशी करते. विषाणू माशीच्या शरीरात जाऊन तेथे दीर्घकाळ टिकतो. यास्तव येथे लढाई पांढऱ्या माशीशी व रोगट झाडांशी आहे.

संशोधनाचा इतिहास

या रोगाची पहिली नोंद आपल्याच प्रदेशातील आहे. सन १९२४ मध्ये कुलकर्णी यांनी तत्कालीन मुंबई इलाख्यातील पिकांवरील मोझॅक रोगांचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात भेंडीचा उल्लेख होता. १९४० मध्ये उप्पल, वर्मा व कपूर यांनी हा रोग विषाणूजन्य असल्याचे दाखविले. १९५० मध्ये कपूर व वर्मा यांनी त्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे २००३ मध्ये जोस व उषा यांनी सिद्ध केले की, मूळ विषाणूच्या सोबतीस बीटासॅटेलाइट नावाचा डीएनएचा लहान तुकडा असला म्हणजे केवड्याची खरी लक्षणे उमटतात.

जात कशी ठरते

पूर्वी पिकाचे नाव व लक्षणे यांवरून विषाणूस नाव देत. आज त्याच्या डीएनएमधील अक्षरांची जुळणी करून पाहतात. आंतरराष्ट्रीय समितीच्या नियमानुसार, दोन बेगोमोव्हायरसांच्या मुख्य डीएनएची जुळणी ९१ टक्के वा अधिक असल्यास ते एकाच जातीचे मानले जातात. त्याहून कमी असल्यास जात निराळी ठरते. या कसोटीने भारतातील भेंडीवर एक नव्हे, अनेक विषाणू आढळले. त्यांपैकी काहींना भुवनेश्वर, हरियाणा व दिल्ली यांची नावे मिळाली आहेत.

एकाच झाडात दोन विषाणू शिरले तर त्यांच्या डीएनएच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन नवा विषाणू निर्माण होऊ शकतो. पुसा सावनी हे वाण सुरुवातीस केवड्यास दाद देत नसे. पुढे ते रोगास बळी पडू लागले. त्यानंतर आलेल्या परभणी क्रांतीवरही ठिकठिकाणी रोग दिसला. म्हणून ‘प्रतिकारक’ हा शब्द कायमचा हवाला समजू नये.

उपनगरांतील परिस्थिती

घाटकोपर, मुलुंड, अंधेरी व बोरिवलीकडे जाणाऱ्या लोहमार्गांलगत ‘अधिक धान्य पिकवा’ योजनेखाली भेंडी, पालक व माठ यांची लागवड वर्षानुवर्षे होत आली. आरे परिसरातील पाड्यांवरही भाजीपाला पिकविला गेला आहे. अशा ठिकाणी क्षेत्र थोडे आणि वाफे लागून असतात. जुन्या भेंडीशेजारीच नवी उगवत असेल व जवळ मिरची, टोमॅटो असतील, तर पांढऱ्या माशीस बारमाही आसरा मिळतो. एकट्या शेतकऱ्याचा उपाय तेथे पुरा पडत नाही. शेजाऱ्यांनी मिळूनच काम केले पाहिजे.

काय करावे

१. नवी पेरणी करण्यापूर्वी जुन्या भेंडीची झाडे उपटून नष्ट करावी. बांधावरील रानभेंडी व तत्सम तणे काढावी.

२. पहिले ३५ ते ४० दिवस पिकाची नित्य पाहणी करावी. शिरा पिवळ्या झालेले झाड दिसताच उपटून पुरावे किंवा जाळावे. लवकर लागण झाल्यास उत्पन्न ९४ टक्क्यांपर्यंत घटल्याची नोंद १९७४ मध्ये झालेली आहे.

३. पिवळे चिकट सापळे लावावे व ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. रासायनिक औषध शिफारशीप्रमाणेच वापरावे. एकाच गटातील औषध पुन्हापुन्हा वापरू नये. भेंडीची तोडणी एक-दोन दिवसांआड होते, म्हणून फवारणी व तोडणी यांतील ठरलेले अंतर कटाक्षाने पाळावे.

४. प्रतिकारक वाण अवश्य लावावे, परंतु पाहणी सोडू नये.

विस्तार कार्यकर्त्यांनी, प्रतिकारक म्हणून दिलेल्या वाणावर केवडा दिसल्यास बियाण्यास दोष देऊन थांबू नये. रोगट पानांचे नमुने वाणाचे नाव, पेरणीची तारीख व शेजारच्या पिकांची माहिती यांसह दापोली येथील कोकण कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागाकडे पाठविण्याची व्यवस्था करावी. विषाणू बदलला आहे की काय, याचा उलगडा अशा नमुन्यांतूनच होतो. आणि पुढील हंगामात कोणते वाण सुचवावे, याचा निर्णयही त्यावरच अवलंबून असतो.