हाडांचे औषध : थांबवायचे कधी, कसे?

मागच्या पावसाळ्यात एक निवृत्त शिक्षिका मुलाचा हात धरून बाह्यरुग्ण विभागात आल्या. वय ६८. "डॉक्टर, पडले नाही, धडपडले नाही. बादली उचलायला वाकले आणि पाठीत कळ आली ती आलीच." एक्स-रेमध्ये दोन मणके खचलेले दिसले. जुने कागद चाळताना कारण सापडले. तीन वर्षे त्या दर सहा महिन्यांनी हाडांचे इंजेक्शन घेत होत्या. डेक्सा तपासणीत सुधारणा दिसली, म्हणून त्यांनी ते बंद केले. शेवटच्या इंजेक्शनला वर्ष उलटून गेले होते. "बरं वाटत होतं, मग कशाला टोचून घ्यायचं?" असे त्या म्हणाल्या. त्यांचे काय चुकले? हे औषध असे मध्येच सोडायचे नसते, हे आम्हा डॉक्टरांपैकी कोणीतरी त्यांना सांगायला हवे होते.

हाड हा निर्जीव खांब नाही. काही पेशी जुने हाड खरवडून काढतात, तर काही नवे भरतात. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन घटते, खरवडणे वाढते आणि भरणे मागे पडते. हाडे ठिसूळ होतात ती अशी. यालाच आपण ऑस्टिओपोरोसिस म्हणतो. त्यावर औषधे बरीच आहेत, पण ती बंद केल्यावर काय होते, हे प्रत्येकाचे वेगळे आहे.

जुनी आणि स्वस्त औषधे बिस्फॉस्फोनेट गटातली. अ‍ॅलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही, चहासुद्धा नाही. नाहीतर अन्ननलिकेला इजा होते किंवा गोळी अंगी लागत नाही. ज्यांना हे जमत नाही, त्यांना झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड वर्षातून एकदा शिरेतून देता येते. पहिल्या वेळी दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी होऊ शकते. मूत्रपिंडाचे काम फार मंदावले असेल, तर मात्र ही दोन्ही टाळतात.

ही औषधे हाडात चिकटून राहतात. त्यामुळे बंद केल्यावरही त्यांचा परिणाम काही काळ टिकतो. म्हणूनच गोळ्यांची पाच वर्षे किंवा सलाईनची तीन वर्षे झाली की आढावा घ्यायचा. धोका कमी असेल तर औषधाला 'सुट्टी' देता येते. सुट्टी म्हणजे कायमची रजा नव्हे. दोन-तीन वर्षांनी पुन्हा तपासायचे. खुबा किंवा मणका आधी मोडलेला असेल, किंवा खुब्याचा टी-स्कोअर अजून उणे २.५ च्या खाली असेल, तर गोळ्या दहा वर्षांपर्यंत आणि सलाईन सहा वर्षांपर्यंत चालू ठेवता येते.

सहा महिन्यांचे डेनोसुमॅब चांगले काम करते. पण ते हाडात साठून राहत नाही. तारीख टळून महिने गेले की इतके दिवस दबलेले खरवडणे उसळून येते आणि एकाच वेळी दोन-तीन मणके खचू शकतात. बाईंचे नेमके हेच झाले. या औषधाला सुट्टी नसते. ते थांबवायचेच असेल तर त्याच्या जागी बिस्फॉस्फोनेट सुरू करावे लागते. तेव्हा पुढची इंजेक्शने वेळेवर घेता येतील का, खर्च झेपेल का, हा विचार पहिल्या इंजेक्शनआधी करायचा. धोका फारच जास्त असेल, तर नवे हाड तयार करणारे टेरिपॅराटाइड देतात. ते रोज टोचायचे, सहसा दोन वर्षांपर्यंत. त्यानंतरही दुसरे औषध हवेच, नाहीतर कमावलेले हाड हळूहळू जाते.

जबड्याचे हाड सडते, मांडीचे हाड आपोआप मोडते, असे ऐकून अनेकजण औषध सोडून देतात. हे दुष्परिणाम खरे आहेत, पण विरळ. त्यामानाने उपचार न घेतलेल्या ठिसूळ हाडाचा खुबा मोडणे कितीतरी नेहमीचे. दात काढायचे असतील तर औषधाआधी काढून घ्यावेत. मांडीत किंवा जांघेत आठवडाभर दुखत राहिले तर डॉक्टरांना सांगावे. मांडीच्या हाडाचा धोका वर्षांगणिक वाढतो, म्हणून तर आढावा घ्यायचा. कोणतेही औषध घ्या, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता आधी भरून काढा.

बाईंचे उपचार पुन्हा सुरू केले. दुखणे कमी झाले, पण खचलेले मणके पूर्ववत होत नाहीत. पाठीला आलेला बाक तसाच राहिला. आता पुढची तारीख त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवली आहे. तुमच्या घरात कोणी हाडांचे औषध घेत असेल, तर पुढच्या भेटीत एवढे विचारा : हे किती वर्षे, आढावा कधी, आणि बंद केल्यावर पुढे काय?