दोघांनीं वाचावयाची कादंबरी

आपल्या माणसासाठीं प्रेमकथा निवडणें ही वरवर सोपी दिसणारी, पण पुष्कळ विचाराची गोष्ट आहे. पति-पत्नी एकमेकांस पुस्तकें देतात, हें स्तुत्यच होय. परंतु देणाराच्या मनांत बहुधा दोन हेतु असतात: एक आनंद देण्याचा व दुसरा शिकविण्याचा. यांपैकीं दुसरा बळावला, कीं भेटीचें पाठ्यपुस्तक होतें.

मराठींत ‘कादंबरी’ हें नांवच मुळीं एका प्रेमकथेचें. सातव्या शतकांतील बाणभट्टाच्या गद्यकाव्याची ती नायिका. बाणाच्या हातून अपुरी राहिलेली ती कथा त्याच्या पुत्रानें पुरी केली. पुढें ‘नॉव्हेल’ला प्रतिशब्द हवा झाला, तेव्हां मराठीनें याच नायिकेचें नांव उचललें. तेव्हां संसारी माणसांनीं प्रेमकथा वाचण्यांत संकोच कसला? प्रश्न एवढाच, कीं ती कोणत्या भावनेनें पुढें ठेवावी.

आम्हां मोहनेकरांस याचें उदाहरण शोधण्यास दूर जावें लागत नाहीं. आंबिवलीस गाडींत बसावें, शहाड मागें पडलें कीं कल्याण. तेथेंच १८६५ सालीं आनंदीबाई जोशी जन्मल्या. नवव्या वर्षीं त्यांचें लग्न झालें. टपालखात्यांत नोकरीस असलेले गोपाळराव वयानें सुमारें वीस वर्षांनीं वडील. पत्नीस शिकवावें हा त्यांचा ध्यास. त्याचें फळ थोर आलें: १८८६ सालीं आनंदीबाई अमेरिकेंत डॉक्टर झाल्या. परंतु त्या शिकवणींत धाक होता, प्रसंगीं मारही होता. आणि १८८७ सालीं, वयाचीं बावीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, त्या निवर्तल्या. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) ही कादंबरी याच संसाराची. ती दोघांनीं अवश्य वाचावी. मात्र “मीही तुला असेंच घडवीन” अशा थाटांत कोणी ती जोडीदाराच्या हातीं देऊं नये.

न्यायमूर्ति रानड्यांनीं १८७३ सालीं लग्न होतांच रमाबाईंस अक्षरें शिकविण्यास आरंभ केला. तेथेंही वयाचें अंतर मोठें व नातें गुरुशिष्याचें. पण कालांतरानें रमाबाई पतीस वाचून दाखवूं लागल्या. एकाचा पाठ दोघांचें वाचन झाला, यांतच त्या संसाराची गोडी आहे.

म्हणून निवड करतांना मी एक कसोटी सुचवितों: या पुस्तकाविषयीं आपलें माणूस आपल्याहून निराळें मत मोकळेपणानें देऊं शकेल काय? खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) ययाति, देवयानी व शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतः मांडतात. एकानें देवयानीचा कैवार घ्यावा, दुसऱ्यानें शर्मिष्ठेचा, संध्याकाळ रंगते. वामन मल्हार जोशी यांची ‘इंदु काळे व सरला भोळे’ (१९३४) तर पत्रांतूनच उलगडते. तीं पत्रें आळीपाळीनें मोठ्यानें वाचावीं.

वेळकाळही पाहावा. ‘पण लक्षांत कोण घेतो’मध्यें यमू व रघुनाथराव यांचे मुंबईचे सुखाचे दिवस वाचून नवें जोडपें हरखेल, पण पुढें वैधव्याचा दारुण भाग आहे. रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’चा (१९६२) शेवट माधवरावांच्या मृत्यूंत व रमाबाईंच्या सहगमनांत होतो. ग्रंथ उत्तम, पण ज्या घरीं नुकतेंच दुःख झालें आहे, तेथें तो कांहीं दिवस फळीवरच बरा.

विकत घेण्यापूर्वीं वाचनालयांतून आणून पाहावें. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचें आहे. तेथें दोघांनीं मिळून जावें, एक पुस्तक एकानें निवडावें, दुसरें दुसऱ्यानें. रोज एक प्रकरण पुरे. आणि न आवडलेलें पुस्तक मध्येंच मिटण्याचा अधिकार दोघांसही सारखा असावा. हा अधिकार ज्या घरांत मान्य आहे, त्या घरांत कोणतीही चांगली कादंबरी प्रेमाचीच ठरते.