काम राखावे की कामगार?

स्वीडनचे नाव निघाले की दोन मते हटकून ऐकू येतात. एक मत असे की, हा देश म्हणजे लोककल्याणाचा आदर्श होय आणि त्याने जे केले ते इतरांनी जसेच्या तसे उचलावे. दुसरे मत असे की, एक कोटीहून थोड्याच अधिक वस्तीच्या या संपन्न देशाचे नियम मोठ्या राष्ट्रांना लागू पडणे शक्य नाही. 2011 च्या जनगणनेत एकट्या बृहन्मुंबईची वस्ती याहून अधिक भरली होती. तेव्हा तुलनेला जागाच कोठे उरते? ही दोन्ही मते उतावळी आहेत. पहिले मत स्वीडनचा इतिहास नजरेआड करते, तर दुसरे मोठ्या देशांना विचार करण्याच्या कष्टांतून सूट देते. लहानमोठ्या सर्वच देशांपुढे येणारा एक प्रश्न घेऊन पाहिले, तर ही तुलना अधिक फलदायी ठरेल. तो प्रश्न असा : एखादा उद्योग बुडू लागला, तर समाजाने कोणाला वाचवावे? त्या कामाला, की ते काम करणाऱ्या माणसाला?

स्वीडन पूर्वीपासून संपन्न होता, हा समज खरा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून 1930 पर्यंत बारा लाखांहून अधिक स्वीडिश माणसे दारिद्र्याला कंटाळून अमेरिकेला गेली. हा देश शांतही नव्हता. 1920 नंतरच्या दशकात संप आणि टाळेबंदी यांसाठी तो युरोपात प्रसिद्ध होता. 1931 च्या मे महिन्यात ओदालन भागात मोर्चावर सैन्याने गोळीबार केला आणि पाच माणसे मृत्युमुखी पडली. पुढच्याच वर्षी पेर अल्बिन हान्सन पंतप्रधान झाले. देश हे सर्व नागरिकांचे घर असावे आणि घरात कोणी लाडका व कोणी सावत्र असू नये, हा विचार त्यांनी 1928 मध्येच संसदेत मांडला होता. परंतु केवळ विचाराने घर उभे राहत नाही. 1938 साली साल्टशोबाडन या गावी मालकांच्या आणि कामगारांच्या मध्यवर्ती संघटनांनी आपसांत करार केला आणि तंटे मिटविण्याची रीत ठरविली. सरकार या करारात पक्षकार नव्हते. आजही स्वीडनमध्ये कायद्याने ठरविलेले किमान वेतन नाही. सुमारे नव्वद टक्के नोकरदारांचे वेतन अशा सामूहिक करारांच्या कक्षेत येते.

या पायावर 1951 मध्ये ग्योस्ता रेन आणि रुडॉल्फ माइडनर या कामगार संघटनेच्या दोन अर्थतज्ज्ञांनी एक योजना मांडली. तिचे सूत्र असे की, सारख्या कामाला सारखे वेतन मिळावे, मग कारखाना नफ्यात असो वा तोट्यात. याचा परिणाम उघड होता. ज्या कारखान्याला ते वेतन परवडत नाही, तो बंद पडणार. पण जो कारखाना उत्तम चालतो, त्याला तेवढेच वेतन द्यावयाचे असल्यामुळे त्याच्याजवळ विस्तारासाठी पैसा उरणार. एकीकडून सुटलेला कामगार दुसरीकडे नेणे, त्याला नवे शिक्षण देणे, स्थलांतराचा खर्च देणे आणि मधल्या काळात त्याचा चरितार्थ चालविणे ही जबाबदारी राज्याने 1948 मध्ये स्थापन झालेल्या श्रम-बाजार मंडळाकडे सोपविली. कामगार संघटनेनेच कारखाने बंद पडू देण्यास मान्यता द्यावी, ही गोष्ट पुष्कळांना विपरीत वाटेल. परंतु राष्ट्रीय उत्पन्नाचा मोठा भाग निर्यातीतून मिळविणाऱ्या लहान देशाला जुने उद्योग जकातीच्या भिंतीआड जपणे परवडणारे नव्हते. म्हणून त्याने काम सोडले आणि कामगार धरला.

नॉर्शेपिंग हे शहर एके काळी स्वीडनचे मँचेस्टर म्हणून ओळखले जाई. तेथील कापडगिरण्या दुसऱ्या महायुद्धानंतर एकेक करून बंद पडल्या. पुढे राजधानीतील काही सरकारी कार्यालयेच तेथे हलविण्यात आली; देशाची हवामान संस्था 1975 पासून या शहरात आहे. अर्थात हा बदल सर्वांना सुखाचा झाला असे नाही. उत्तरेकडील जंगलप्रदेशातील माणसांना दक्षिणेच्या कारखान्यांत जावे लागले, तेव्हा त्यांनी मंडळाच्या नावाच्या तीन आद्याक्षरांचा अर्थ ‘सर्वांनी दक्षिणेला चला’ असा लावला. त्या विनोदात गाव सुटल्याचे दुःख होते. नवे काम मिळाले तरी जुना शेजार मिळत नाही, ही या धोरणाची किंमत होय.

आता मोठ्या देशांकडे वळावे. समाजविम्याचा आरंभ मुळी एका मोठ्या देशातच झाला. जर्मनीत बिस्मार्कने 1883 मध्ये कामगारांसाठी आजारपणाचा विमा आणि 1889 मध्ये वार्धक्य व अपंगत्वाचा विमा सुरू केला. स्वीडनने 1913 मध्ये निवृत्तिवेतनाचा कायदा केला, तो मात्र केवळ कामगारांसाठी नव्हे, तर सर्वच नागरिकांसाठी. ब्रिटनने बेव्हरिज यांच्या 1942 च्या अहवालानंतर 1948 मध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा उभी केली. तेथे कोळशाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा खाणकामगाराचा दवाखाना सुटला नाही. परंतु 1984-85 च्या संपानंतर खाणींवर जगणाऱ्या कित्येक गावांना दुसरा आधार मिळाला नाही. अमेरिकेत तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वेतनवाढीवर निर्बंध आल्यामुळे मालकांनी आरोग्यविम्याचे आमिष दाखविण्यास सुरुवात केली, आणि तीच रीत कायम झाली. परिणामी तेथे नोकरी जाणे याचा अर्थ पुष्कळदा घरातील आजाऱ्याचा विमा जाणे असा होतो. अशा देशात कामगार जुन्या नोकरीला चिकटून राहिला, तर त्याला दोष कसा द्यावा?

भारताने वेगळी वाट धरली. 1976 साली औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती होऊन, तीनशे वा अधिक कामगारांचा कारखाना बंद करण्यास सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक ठरली. येथे संरक्षण मिळाले ते कामाला, आणि तेही संघटित क्षेत्रातील थोड्यांच्या कामाला. मुंबईच्या गिरणगावाने या धोरणाची मर्यादा दाखविली. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या हळूहळू मिटत गेल्या. कागदोपत्री कित्येक ठिकाणी काम जिवंत राहिले, पण कामगार रस्त्यावर आला. नवे कौशल्य शिकविणारी आणि तोवर त्याचे घर चालविणारी समर्थ यंत्रणा त्याच्यापाशी पोहोचली नाही. नॉर्शेपिंग आणि गिरणगाव या दोहोंतील फरक केवळ दोन देशांच्या संपत्तीचा नव्हता. प्रश्न कसा मांडला गेला याचाही तो फरक होता.

मोठ्या प्रदेशाला माणूस राखणे अशक्य असते, असेही नाही. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमी योजना राबविली आणि 1977 मध्ये तिचा कायदा केला. तिच्या खर्चासाठी नोकरदार व व्यावसायिक यांच्यावर 1975 मध्ये व्यवसायकर बसविण्यात आला. शहरातील पगारदाराने कोरडवाहू गावातील मजुराचा भार उचलावा, ही कल्पना स्वीडनच्या विचाराला फारशी परकी नाही. पुढे 2005 मध्ये याच धर्तीवर देशव्यापी कायदा झाला.

मग आकाराचा काहीच संबंध नाही काय? संबंध आहे, पण तो लोक समजतात तेथे नाही. स्वीडनचे कल्याणकारी राज्य स्टॉकहोममधून चालत नाही. शाळा, पाळणाघरे आणि वृद्धांची शुश्रूषा 290 नगरपालिकांकडे, तर रुग्णालये 21 प्रादेशिक मंडळांकडे आहेत. सामान्य मिळकतीवरील करापैकी मोठा वाटा, म्हणजे मिळकतीच्या सरासरीने सुमारे बत्तीस टक्के, याच संस्थांना मिळतो. म्हणजे कर देणाऱ्याला तो कोठे जातो हे आपल्याच गावात दिसते. त्यातच 1766 पासून सरकारी कागद पाहण्याचा नागरिकाला अधिकार आहे, आणि 1809 पासून कारभाराविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा लोकपाल आहे. तेव्हा मोठ्या देशाने ही व्यवस्था आपल्या जिल्ह्याशी ताडून पाहावी, राजधानीशी नव्हे. भारताशी जवळून परिचय असलेले स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ गुन्नार म्युर्दाल यांनी 1968 च्या ‘एशियन ड्रामा’ या ग्रंथात दक्षिण आशियातील शासनसंस्थेला शिथिल म्हटले. कायदे होतात, पण पाळले व पाळविले जात नाहीत, हा त्यांचा रोख होता. ही उणीव विस्ताराची नसून अंमलबजावणीची आहे.

तथापि समर्थ शासन नेहमीच सज्जन असते, असे मानण्याचे कारण नाही. ज्या राज्याने प्रत्येक नागरिकाची नोंद ठेवली, त्याच राज्याने 1934 आणि 1941 च्या कायद्यांखाली हजारो माणसांची, त्यातही बहुतांशी स्त्रियांची, निर्बीजीकरणे केली. त्यांतील कित्येक सक्तीने वा दडपणाखाली झाली. 1999 मध्ये त्याची भरपाई देण्याचे ठरले. आर्थिक आघाडीवरही या व्यवस्थेला ठेच लागली. 1991 ते 1993 अशी सलग तीन वर्षे उत्पन्न घटले, बेकारी अनेक पटींनी वाढली, आणि सप्टेंबर 1992 मध्ये चलन सावरण्यासाठी मध्यवर्ती बँकेने अल्पकाळ व्याजाचा दर 500 टक्क्यांवर नेला. त्यानंतर बेकारभत्ता कमी झाला, निवृत्तिवेतन देशाच्या कमाईशी जोडले गेले, पुढे वारसाकर आणि संपत्तिकर दोन्ही रद्द झाले. विषमता पूर्वीपेक्षा वाढली आहे.

एवढे बदल होऊनही पाया मात्र टिकला. कारखाना बुडाला तरी कामगाराच्या मुलाची शाळा आणि त्याच्या वृद्ध आईचे औषध त्याच्याबरोबर बुडत नाही. म्हणून तेथील कामगार नव्या यंत्राला फारसा भीत नाही. यंत्रे आता हिशेबनीस आणि कारकून यांचीही कामे करू लागली आहेत. तेव्हा हा प्रश्न गिरणीच्या भोंग्यापुरता राहिलेला नाही. स्वीडनचे कायदे मोठ्या देशांना जसेच्या तसे उचलता येणार नाहीत. पण काम गेल्यावर माणसाच्या हाती काय उरते, हा हिशेब प्रत्येक देशाला आपापल्या जिल्ह्याजिल्ह्यांत मांडता येईल.